निकाल छापता तसा एखादा डावही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरच्या ठाणे-नवी मुंबई पानावर बुद्धिबळ स्पर्धेची बातमी आली होती, सात-आठ ओळींची. अमुकने सात फेऱ्यांत साडेसहा गुण मिळवून विजेतेपद पटकावलं, मग दुसरा, तिसरा, मग वयोगटांची नावं आणि मग बक्षीस समारंभाला कोण कोण मान्यवर हजर होते त्यांची यादी, ती मोजली तर खेळाडूंच्या नावांपेक्षा लांब भरेल. वर फोटो, त्यात दोन लहान मुलं पटावर वाकलेली आणि पट चक्क फिरवून मांडलेला, म्हणजे उजव्या हाताच्या कोपऱ्यात काळं घर. तिथे पांढरं घर पाहिजे हो, हे पहिल्या दिवशी शिकवतात. फोटोसाठी कोणीतरी घाईत मांडून दिला असणार, कारण स्पर्धेत पंच असं चालूच देत नाहीत. पण असो, फोटोसाठी पत्र लिहीत नाहीये.

माझं म्हणणं एवढंच आहे की बुद्धिबळाच्या अख्ख्या बातमीत बुद्धिबळ कुठेच नाही. एक चाल नाही, एक पोझिशन नाही. कांगा लीग घ्या, तीपण क्लबवाल्यांचीच स्पर्धा ना, पण त्यात कोणी किती रन केले, कोणी किती विकेट काढल्या असा संक्षिप्त धावफलक तरी येतो, वाचणाऱ्याला मॅच थोडी तरी दिसते. बुद्धिबळात तर प्रत्येक चाल दोन्ही खेळाडू स्वतःच्या हातानं कागदावर लिहून ठेवतात, रेडीमेड माल आहे, आणि आपण काय छापतो तर साडेसहा गुण. साडेसहा गुण कसे झाले ते कोण सांगणार?

त्याच स्पर्धेत मी पण खेळत होतो, नौपाड्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. शेवटच्या फेरीत माझा डाव तासाभरात बरोबरीत मिटला आणि नंतर घरी जायचं सोडून मी पार खाली तेवीस नंबरच्या बोर्डापाशी उभा राहिलो तो शेवटपर्यंत. तो डाव इथे सांगतो, म्हणजे मला काय छापून हवंय ते कळेल. दोन्ही खेळाडूंची नावं लिहीत नाही कारण त्यांना विचारलेलं नाही. पांढऱ्या मोहऱ्यांकडे घणसोलीच्या एक ताई, महापेला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतात, रेटिंग (खेळाडूच्या ताकदीचा आकडा) पंधराशेच्या आसपास. काळ्याकडे कळव्याचे एक काका, एसटीतून रिटायर झालेले, रेटिंग सोळाशेच्या आसपास. दोघांनाही बक्षीस मिळायचा काही चान्स नव्हता. वेळ होता प्रत्येकी ९० मिनिटं आणि वर प्रत्येक चालीला ३० सेकंद.

सुरुवात इटालियन नावाची, आपल्याकडे क्लबात दहातले चार डाव तसेच सुरू होतात. पटाच्या उभ्या लाईन ए ते एच, आडव्या रांगा एक ते आठ, आणि प्रत्येक जोडीत आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ उंट सी५, सी३ घोडा एफ६, डी३ डी६, दोघांचं कॅसलिंग (राजा कोपऱ्याकडे, हत्ती त्याच्या पलीकडे), मग हत्ती ई१ ए६, उंट बी३ उंट ए७, एच३ एच६, बी लाईनवरचा घोडा डी२ हत्ती ई८, घोडा एफ१ उंट ई६. इथपर्यंत दोघं भराभर खेळले, कारण हे सगळं पाठ असतं. बाराव्या चालीला ताईंनी ई६ वरचा उंट मारला, काकांनी हत्तीनं परत घेतला, आणि तेराव्या चालीला ताईंनी वजीर बी३ ला आणला. एका बाजूला बी७ चं प्यादं, दुसऱ्या बाजूला ई६ चा हत्ती, दोन्हींवर नजर. हत्तीला एफ७ च्या प्याद्याचा जोर, म्हणजे संरक्षण, आहे, पण बी७ ला कोणाचाच नाही. साधा उपाय म्हणजे वजीर सी८ ला न्यायचा किंवा प्यादं बी५ ला ढकलायचं. काकांनी वजीर नेला डी७ ला! ताईंनी बी७ मारलं आणि तो वजीर आता ए८ च्या हत्तीवर पण रोखलेला. काकांनी शांतपणे ई६ चा हत्ती परत ई८ ला आणून ठेवला, म्हणजे ए८ ला जोर मिळाला, आणि चहाचा कप उचलला.

आता बघा गंमत. ताईंच्या वजिरासमोर ए६ चं दुसरं प्यादं उघडं पडलंय, फुकट. घेतलं की दोन प्यादी वर, क्लब लेव्हलला एवढ्यावर डाव जिंकतात लोक. पण वजीर ए६ ला गेला की ए७ चा काळा उंट थेट एफ२ वर येऊन प्यादं मारतो आणि शह देतो, आणि उंट हलल्याबरोबर त्याच्या मागे ए८ वर बसलेल्या हत्तीची ए लाईन मोकळी होते, समोर ताईंचा वजीर. शह असल्यामुळे वजीर वाचवायला वेळच नाही, राजाला काहीतरी करावंच लागणार, पुढच्या चालीला वजीर गेला. एक उंट देऊन अख्खा वजीर! ताईंचा हात वजिराकडे जाऊन अर्ध्यावर थांबला. हात लावला असता तर वजीरच खेळावा लागला असता, हा नियम सगळ्यांना माहीत असतो पण हात आवरत नाही कोणाचा. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि दहा-बारा मिनिटं नुसत्या पटाकडे बघत बसल्या. आजूबाजूला उभे असलेल्या आम्हा तिघाचौघांना श्वास घ्यायची चोरी, कारण बघणाऱ्यानं भुवई उडवली तरी ते सांगितल्यासारखंच. शेवटी वजीर गुपचूप बी३ ला परत. हातातोंडाशी आलेलं प्यादं सोडून दिलं.

मला विचाराल तर अख्ख्या स्पर्धेतली सगळ्यात भारी चाल ती होती, मागे जाणारी. ती कुठल्याच निकालात दिसणार नाही.

डाव संपल्यावर ताईंनी विचारलं, "काका, बी७ तुम्ही मुद्दाम सोडलंत का?" तर काका म्हणाले, "मग काय, ए६ घ्यायचं होतंत की हो, मी कपसुद्धा उचलला होता तुम्हाला वाटावं लक्ष नाहीये म्हणून." माझा काही विश्वास बसलेला नाही. वजीर डी७ ही माझ्या मते सरळ नजरचूक होती आणि सापळा त्यांना नंतर दिसला, पण दिसला हेही काही कमी नाही.

मधल्या चालींवर फार लिहीत नाही. ताई एक प्यादं वर होत्या म्हणून त्या मोहऱ्यांची मारामारी करत सुटल्या, आणि काका एक प्यादं खाली म्हणून ते प्याद्यांची मारामारी करत सुटले, आणि पुस्तकी हिशोबानं दोघंही बरोबर. वजिरावजिरी झाली, घोडे गेले, उंट गेले, एका बाजूची प्यादी साफ झाली, मग दुसऱ्या बाजूची. शेवटी ताईंकडे राजा, हत्ती आणि ई लाईनवरचं एकुलतं एक प्यादं, काकांकडे राजा आणि हत्ती. तोपर्यंत हॉल रिकामा झालेला, पोरं खुर्च्या रचून ठेवतायत, स्टेजवर माईकचं हॅलो हॅलो चालू कारण प्रमुख पाहुणे तलावपाळीपर्यंत आलेत म्हणे. पंचांनी जाऊन माईक बंद करायला लावला तेव्हा बरं वाटलं.

इथून पुढचं माहीत नसणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल, दोन माणसं हत्ती इकडून तिकडे सरकवतायत. पण हीच पोझिशन शिकण्यासारखी आहे. पांढरा राजा डी५, प्यादं ई४, हत्ती एच७. काळा राजा ई८ आणि हत्ती ए१, काकांची चाल. हात सळसळतो तो डी१ ला जाऊन शह द्यायला. पण तसा शह दिला की पांढरा राजा ई६ ला चढतो आणि लगेच हत्ती एच८ ला जाऊन मात करायची धमकी, मग काळ्या राजाला जागा सोडावी लागते आणि बचाव फार अवघड होऊन बसतो. काकांनी शह दिला नाही. हत्ती ए६ ला आणून ठेवला. बस, एवढंच. सहावी रांग बंद, पांढऱ्या राजाला पुढे यायची वाटच नाही. नंतर नुसतं ए६ वरून बी६, बी६ वरून ए६, मधेच पलीकडे जी६, आणि ताई प्रत्येक चालीत वेगळं काहीतरी करून बघतायत.

याला फिलिडोरचा बचाव म्हणतात, फिलिडोर हा अठराव्या शतकातला फ्रेंच खेळाडू, त्याचा मुख्य धंदा संगीत, ऑपेरा लिहायचा. काकांना हे नाव माहीत नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाले की डेपोत एक साहेब होते, रात्रपाळीला त्यांच्याकडून शिकलो, "सहावी रांग धरून बसायची, प्यादं सहाव्या रांगेत आलं की मागे पळायचं आणि मागून शह देत राहायचं." अडीचशे वर्षांपूर्वीचा बचाव, तो पॅरिसवरून ठाण्याच्या एसटी डेपोत कुठून कसा पोचला असेल देव जाणे, पण एका वाक्यात सगळा आला की नाही!

आणि तसंच झालं. ताईंनी आधी ई५ केलं आणि शेवटी दुसरं काही उरलंच नाही म्हणून प्यादं ई६ ला ढकललं. त्या क्षणी काकांनी बी६ चा हत्ती सरळ खाली बी१ ला नेला. आता पांढऱ्या राजाला लपायला जागा नाही, कारण ज्या ई६ घरात तो शिरला असता तिथे त्याचंच प्यादं येऊन बसलंय. राजा डी६, हत्ती डी१ शह. राजा ई५, हत्ती ई१ शह. राजा एफ६, हत्ती एफ१ शह. राजा ई५, हत्ती ई१ शह. राजा डी६, हत्ती डी१ शह. राजा ई५. ऐकायला सोपं वाटतं, पण राजा डी६ किंवा एफ६ ला असताना काकांनी एक शह जरी चुकवला असता तर एच८ ला हत्ती आणि मात, आणि तेव्हा काकांच्या घड्याळात तीनेक मिनिटं उरली होती.

यानंतर जे झालं त्यासाठी तर मी हे पत्र लिहायचं ठरवलं. काकांनी हत्तीला हात लावला नाही. पेन उचललं, स्कोअरशीटवर पुढची चाल लिहिली, हत्ती ई१, घड्याळ थांबवलं आणि हात वर करून पंचांना बोलावलं, "सर, ही चाल केली की तीच पोझिशन तिसऱ्यांदा येते, मी ड्रॉ क्लेम करतो." नियम तसाच आहे, चाल आधी कागदावर लिहायची, पंचांना सांगायची, पटावर करायची नाही. मोहऱ्याला हात लागला की त्या चालीपुरता क्लेमचा हक्क गेला. आणि क्लेम चुकीचा निघाला तर समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात आणि डाव पुढे चालू. किती जण पोझिशन तिसऱ्यांदा आली की पटावर चाल करून टाकतात आणि मग ड्रॉ ड्रॉ करत ओरडतात, आणि पंच नाही म्हणाले की आईबाप येऊन वाद घालतात. इथे पंचांनी बाजूच्या पटावर चाली लावून बघितल्या, तीन वेळा बरोबर, डाव बरोबरीत. ताईंनी हात मिळवला. शंभर पॉईंटनं वरच्या खेळाडूशी बरोबरी म्हणजे रेटिंगमध्ये जेमतेम तीन पॉईंटची भर, एवढ्यासाठी साडेतीन तास!

पंचांना थोडा त्रास झाला तो काकांच्या स्कोअरशीटचा, कारण त्यांनी मोहऱ्यांची नावं मराठीत लिहिली होती, ह म्हणजे हत्ती, घो, उ, व. बाजूचा एक मुलगा फिदीफिदी हसला. पण हे नियमात बसतं, ज्याच्या त्याच्या देशात मोहऱ्यांची जी नावं चालतात त्यांची अक्षरं वापरायला फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमात मोकळीक आहे.

बाहेर आल्यावर त्याच मुलानं मोबाईल परत मिळाल्या मिळाल्या ती पोझिशन इंजिनमध्ये, म्हणजे बुद्धिबळाच्या प्रोग्राममध्ये, टाकली आणि म्हणाला, "काका, शून्य दाखवतंय, ड्रॉच होतं की, त्यात काय." हे मला नेहमी ऐकावं लागतं आणि तुमच्या डेस्कवर पण कोणीतरी म्हणेलच की आता सगळ्यांच्या खिशात इंजिन आहे, पेपरात डाव कोण वाचणार. मान्य आहे, राजे आणि प्यादी धरून सात मोहऱ्यांपर्यंतचे सगळे शेवट कॉम्प्युटरनं केव्हाच सोडवून ठेवलेत, इथे तर पाचच होते. पण इंजिन शून्य, म्हणजे बरोबरी, दाखवतं ते बरोबर खेळणाऱ्यासाठी. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरला गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतल्या शेवटच्या, चौदाव्या डावातसुद्धा बराच वेळ बरोबरीच दिसत होती, गुकेशकडे फक्त एक प्यादं जास्त, सगळे म्हणत होते आता टायब्रेक. मग पंचावन्नाव्या चालीला डिंगनं हत्ती एफ२ ला नेला, मारामारी झाली आणि प्याद्यांचा हरलेला शेवट उरला, गुकेश जगज्जेता. जगज्जेत्याचा हात जिथे चुकतो तिथे कळव्याचे काका तीन मिनिटांत चुकले नाहीत, ही बातमी नाही का? (दोन शेवट सारखे नव्हते, तिथे उंटही होते, हे मला माहीत आहे, कृपया कोणी त्यावर उलट पत्र लिहू नये.)

बरं, आपल्या पेपरला बुद्धिबळाचं वावडं आहे असंही नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला तेव्हा पहिल्या पानावर फोटो होता, आत तिच्या घरच्यांच्या मुलाखती होत्या, तिला काय खायला आवडतं ते होतं. डाव नव्हता. त्या दिवशी किती आईबापांनी पोरांना क्लास लावले असतील, आणि त्या पोरांना मराठीत वाचायला काय मिळतं? इंग्लिशमध्ये ढीगभर आहे सगळं. मराठीत हत्तीचा शेवट कसा वाचवायचा हे विचारायचं तर काकांनाच गाठावं लागेल.

म्हणून मागणी अशी. आठवड्यातून एकदा, ठाणे-नवी मुंबईच्या पानावर, एक डाव. ग्रँडमास्टरचा नको, ते कुठेही मिळतात, आणि विजेत्याचाच पाहिजे असंही नाही, कारण पहिल्या बोर्डवरचे डाव बऱ्याचदा आपल्या डोक्यावरून जातात. पंधराशे-सोळाशेवाल्यांचा डाव द्या, ज्यात चूक का झाली ते वाचणाऱ्याला कळतं कारण तो स्वतः तीच करतो. सगळ्या चाली द्यायची पण गरज नाही, एक आकृती, खाली दहा-बारा ओळी, कोणाची चाल आहे, काय सुचतं, काय खेळायला पाहिजे होतं आणि का. आकृती देताना मोहऱ्यांची चित्रं वापरा, छापील नियतकालिकांनी चित्रंच वापरावीत असं फिडेच्या नियमांतच सुचवलंय, त्यामुळे मराठी अक्षरं की इंग्लिश हा वादही मिटतो. जागेचं म्हणाल तर मान्यवरांची यादी अर्धी केली तरी भागेल.

माल कुठून आणायचा हाही प्रश्न नाही. स्कोअरशीट ही नियमाप्रमाणे आयोजकांची मालमत्ता असते, डाव संपला की खेळाडू ती जमा करतात आणि आपल्याकडे खालची कार्बन कॉपी ठेवतात. म्हणजे बातमी पाठवणारे आयोजक निकालाबरोबर चार-पाच स्कोअरशीटचे फोटो सहज पाठवू शकतात, फक्त तुम्ही मागितले पाहिजेत, आणि खेळाडूंना नाव छापू का असं एकदा विचारलं पाहिजे. चाली तपासायला, आकृती बरोबर आहे की नाही बघायला माणूस लागला तर मी तयार आहे, पैसे नकोत. ठाण्याला आणि वाशीला दर रविवारी कुठे ना कुठे स्पर्धा असतेच, तिथले एकदोन पंचही मदत करतील असं म्हणालेत. काकांना मी कालच फोन केला होता, ते म्हणाले छापा माझा डाव, नावासकट छापा, फक्त तेराव्या चालीबद्दल काही लिहू नका. ताईंना अजून विचारायचंय.

आपला,
एक नियमित वाचक आणि क्लब खेळाडू,
ऐरोली, नवी मुंबई